एकशे एकोणचाळीस सत्कार आणि एक फोटो

दूध संस्थेच्या कम्प्युटरनं मंगळवारी सकाळी जाहीर केलं की आपल्याकडे आता एका फोटोचीसुद्धा जागा उरलेली नाही, आणि सचिव बाळासो चौगुले जे भडकले ते पुढे आठवडाभर थंड झाले नाहीत.

"चौतीस वर्षं झाली," ते पडद्यासमोर बोट नाचवत म्हणाले, "लिटरभर जादा आलं म्हणून ह्या संस्थेनं कधी कुणाचं दूध परत पाठवलं न्हाय. आणि तू फोटो घेत न्हाईस व्हय?"

कम्प्युटरचं तरी काय चुकलं होतं? तीन आठवड्यांपूर्वी संस्थेचा सुवर्णमहोत्सव झाला होता, आणि त्यात एकशे एकोणचाळीस सत्कार झाले होते. एकशे एकोणचाळीस! हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चारशे उंबऱ्यांचं. म्हणजे दर तिसऱ्या घरात एक सत्कारमूर्ती. मूळ यादी अकरा जणांची होती. पण एकाचं नाव घातलं की त्याच्या भावकीचा रुसवा, भावकीला घेतलं की शेजारच्या गल्लीचा, आणि गल्लीला घेतलं की माजी सरपंच सर्जेराव माने विचारणार, "आमी काय रेड्याचं दूध घालतोय काय?" असं करत करत यादी वाढली. एका माणसाचा सत्कार तर केवळ त्यानं सत्काराला विरोध करू नये म्हणून केला होता.

सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवलं. सगळ्यांना तोच भगवा फेटा, तीच मरून शाल, तोच हार, तोच नारळ आणि हनुवटीपर्यंत येणारा तोच पुष्पगुच्छ. देणारे हात एकच, चेअरमन आण्णांचे. फोटोग्राफर राजवीरनं प्रत्येकाचे सहा-सहा फोटो काढले आणि साडेआठशेच्या आसपास फोटो पेनड्राईव्हमध्ये भरून सचिवांच्या हातात दिले. आता येत्या रविवारी वार्षिक सभा होती. त्या सभेत सुवर्णमहोत्सवी स्मरणिका वाटायची होती, आणि कोल्हापूरच्या छापखान्यानं निरोप दिला होता की बुधवारी संध्याकाळपर्यंत माणशी एक फोटो निवडून पाठवा.

त्याच सभेत ठराव क्रमांक सात होता. बाळासोंना सचिवपदावर दोन वर्षांची मुदतवाढ देणं. संचालकांतल्या दोघांना त्या खुर्चीत आपला माणूस बसवायचा होता आणि ते बाळासोंची एखादी चूक सापडते का म्हणून टपून होते. बाळासोंना त्या खुर्चीचा लोभ नव्हता. पण चौतीस वर्षं पहाटे पाचला उठून दूध घ्यायला जाणारा माणूस मुदतवाढ नाही मिळाली तर पाचला उठून जाणार कुठं?

त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

धैर्यशील हा त्यांच्या बायकोचा, संयोगिताचा, धाकटा भाऊ. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कम्प्युटर सांभाळायचा. काही माणसं भेटली की सर्दीवरचा काढा सांगतात, तसा हा फुकटचं सॉफ्टवेअर सांगायचा. कुणी काही विचारलं नाही तरी सांगायचा. आणि खोटं कशाला बोला, त्याची बरीच सॉफ्टवेअरं कामाची निघाली होती. दहा पीडीएफ जोडून एक करणारं त्यानंच दिलं होतं. सभासदाचा फोटो फॉर्मला लागतो तेवढा बारीक करणारं त्यानंच दिलं. जुन्या फॉन्टमधल्या चौकोन-चौकोन झालेल्या ठरावांचं पुन्हा वाचता येईल असं मराठी करणारंही त्याचंच. कम्प्युटर बंद करताना आतला केरकचरा आपोआप झाडून टाकणारं एक त्यानं दिवाळीत येऊन बसवून दिलं होतं.

"दाजी, हात्तिच्या! एवढंच व्हय?" धैर्यशील फोनवर म्हणाला. "सारखं फोटो शोधून जादाचं काढून टाकणारं सॉफ्टवेअर हाय. एका माणसाच्या सहातला चांगला एक ठेवतंय, पाच उडवतंय. एकदम फुकट. लिंक टाकतो."

"फुकट हाय म्हंजे गोम काय हाय त्यात?"

"काय गोम न्हाय ओ. मी घरात वापरतोय की."

बाळासोंनी ते उतरवून घेतलं. सुरू केलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, कुठं कुठं शोधू? बाळासोंनी कम्प्युटरवरही टिक केली आणि अजून लावलेल्या पेनड्राईव्हवरही टिक केली, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नसे. दुसरा प्रश्न आला, सारखेपणा किती टक्के धरू? इथं मात्र ते थांबले. तिथं पंच्याण्णव असा आकडा आधीच दिलेला होता.

"पंच्याण्णव?" बाळासो चिडून म्हणाले. "पंच्याण्णव कुठं असतंय काय?"

चौतीस वर्षं ज्यानं दुधाची फॅट लावली त्या माणसाला आकडा दिसला की फॅटच दिसणार. म्हशीच्या दुधाला सहा लागली की दूध उत्तम, पास. त्यांनी पंच्याण्णव खोडलं, आपल्या सहापुढं एक शून्य जोडून साठ केलं आणि पुढचं बटण दाबलं. यंत्रानं घरघर करून सांगितलं की जादाचे फोटो सापडले, उडवू का? बाळासो म्हणाले, उडव. हिरवी टिक आली. त्यांनी पेनड्राईव्ह काढून खिशात घातला, कम्प्युटर बंद केला आणि खुशीत घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बुधवारी सकाळी कम्प्युटर उघडला. फोल्डरमध्ये एक फोटो होता.

त्यांनी खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं. पेनड्राईव्ह लावला, त्यात एकही नव्हता. कचऱ्याच्या डब्याचं चित्र उघडलं तर तो चकचकीत रिकामा. दिवाळीत बसवलेल्या त्या झाडूवाल्यानं कम्प्युटर बंद होता होता आपलं काम इमानेइतबारे केलं होतं.

आणि राहिलेला एक फोटो कुणाचा होता? सर्जेरावांचा नाही, शाळेचे मुख्याध्यापक प्रसेनजीत कांबळे गुरुजींचाही नाही. तो होता गुंडू सनदीचा. गुंडू हा मांडव घालणारा, खुर्च्या लावणारा माणूस. त्याचा सत्कार झालाच नव्हता. कार्यक्रमाआधी राजवीरला लाईट बघायचे होते म्हणून त्यानं समोर दिसलेल्या गुंडूला खुर्चीत बसवलं, फेटा-शाल-हार चढवला, हातात गुच्छ दिला आणि आण्णांना पाठमोरं उभं करून ट्रायलचा फोटो घेतला. बाकीचे सत्कारमूर्ती आपल्याला कोण कोण बघतंय हे बघत माना हलवत होते. गुंडू मात्र सांगितलं तसा बसला. साहजिकच त्याचा फोटो सगळ्यांत स्वच्छ आला, आणि सॉफ्टवेअरनं तो ठेवून बाकीचं अख्खं गाव जादा म्हणून उडवलं.

"पावणं!" बाळासो फोनवर असे ओरडले की बाहेर कॅन धुणाऱ्या बायका थांबल्या. "गाव खाल्लं की ओ तुमच्या सॉफ्टवेअरनं!"

"टक्के किती धरलंतं?"

"साठ."

"दाजी, साठ टक्क्याला तुमी आन् मीबी सारखंच दिसणार की."

"मग तसं लिहायचं न्हाय व्हय तिथं?"

"लिहिलंतं की. पंच्याण्णव लिहिलंतं."

धैर्यशीलनं लगेच दुसरा उपाय सांगितला. उडालेल्या फायली परत आणणारं सॉफ्टवेअर. तेही फुकट, फक्त फुकटात ठरावीक फायली मिळायच्या, चारशे. "चारशे लई झालं की दाजी, आपल्याला एकशे एकोणचाळीसच पायजेत."

बाळासोंनी तेही उतरवलं. तासभर यंत्र चाललं. एकेक फोटो वर यायला लागला. बाळासो खुर्ची पुढं ओढून बसले. पहिला फोटो आला, म्हशीचा. दुसरा, म्हशीचा. तिसरी एक गाय होती. पाच वर्षांपूर्वी जनावरांचा विमा उतरवताना प्रत्येकीचा चेहरा आणि कानातला बिल्ला दिसेल असे फोटो काढले होते आणि नंतर पुसले होते, ते सगळे कम्प्युटरच्या तळातून निघत होते. बरोबर चारशे जनावरं परत आली. मग पडद्यावर पाटी आली की फुकटातला कोटा संपला, धन्यवाद.

"धन्यवाद म्हणतंय!" बाळासो पडद्यावर ओरडले. "माणसं गिळली, म्हशी ओकली, आन् वर धन्यवाद म्हणतंय!"

राजवीरला फोन केला तर तो एका लग्नात होता. मागं बँड वाजत होता. "सचिव, कॅमेऱ्याचं कार्ड त्याच आठवड्यात फॉरमॅट केलंय ओ. लग्नाच्या तारखा हायत. म्हणून तर पेनड्राईव्ह तुमच्या हातात दिलता!" आणि त्यानं फोन ठेवला. ह्याला काय म्हणायचं? गावचा पन्नास वर्षांचा इतिहास, आणि त्यावर कुठल्यातरी नवरदेवाची वरात!

दुपारी पुन्हा धैर्यशीलचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता. "दाजी, सापडलं. एक नवीन आलंय. एका फोटोवरनं कितीबी माणसांचं फोटो बनवून देतंय. नुसती नावं घालायची. फुक..."

"तो शब्द उच्चारू नकोस!" बाळासोंचा तोल सुटला आणि 'तुम्ही'वरून ते 'तू'वर आले. "जोडायचं फुकट, पुसायचं फुकट, झाडायचं फुकट, शोधायचं फुकट! आन् रविवारी माझी खुर्चीबी फुकटच जाणार! पुन्हा फोन केलास तर तुझ्या कारखान्याच्या गेटवर येऊन बसंन!"

फोन आपटून ते घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. सगळ्यांना पुन्हा बोलावून फोटो काढावेत तर फोटो गेल्याची बातमी एका तासात दोन संचालकांच्या कानावर. न काढावेत तर रविवारी एकशे एकोणचाळीस माणसं स्मरणिकेत स्वतःचं तोंड शोधणार. दोन्हीकडून ठराव क्रमांक सात बुडत होता. त्यांनी सगळं बायकोला सांगितलं आणि उरलेला एकुलता एक फोटो मोबाईलवर दाखवला.

संयोगितानं फोटो जवळ घेतला, लांब धरला. "कोण हाय ह्यो?"

"गुंडू सनदी."

"तुमी सांगिटलं म्हणून. मला तर सर्जेराव वाटला. फेटा भुवयांवर, गुच्छ नाकापर्यंत, आण्णांची पाठ अर्ध्या तोंडावर. मधी नुसती मिशी." तिनं मोबाईल परत दिला. "एकच मोठा छापा आन् खाली लिहा, प्रातिनिधिक छायाचित्र. मग सगळ्यांची नावं."

"आन् माझा फोटो कुठाय म्हणून कुणी विचारलं तर?"

"विचारू देत की! एकशे एकोणचाळीस जण, त्यात एक बाई न्हाय. पाठ मोडून दूध काढायचं आमी, नारळ घ्यायचा तुमी. आमी विचारलं काय कुणाला?" ती भांडी घेऊन आत गेली आणि आतून पुन्हा म्हणाली, "छापा म्हंते नव्हं!"

बाळासोंकडे दुसरा उपायच नव्हता. छपाई आतून काळी-पांढरी होती, त्यामुळे होती नव्हती तेवढी मिशीही धुरकट झाली.

रविवारी सभेला झाडून सगळे आले. मांडव गुंडूनंच घातला होता. स्मरणिका वाटल्या गेल्या आणि बाळासो स्टेजच्या कोपऱ्यात घाम पुसत उभे राहिले. सर्जेरावांनी पान उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग ते थेट स्टेजकडं चालत आले.

"सचिव," सर्जेराव म्हणाले, "एवढ्या माणसांत माझाच छापलासा?"

"म्हणजे... ते..."

"न्हाय न्हाय, मी काय म्हणत न्हाय. पण बाकीच्यास्नी वाईट वाटंल की ओ." आणि छातीवर स्मरणिका धरून ते जागेवर जाऊन बसले.

मागच्या रांगेत मगदूम तात्या पोराला दाखवत होते, "बघ, तुझा बा." पोरगा म्हणाला, "पप्पा, तुम्हाला मिशी कुठाय?" तात्या म्हणाले, "सावली पडलीया ती. गप बस." कांबळे गुरुजी शिकलेला माणूस, ते फसणार नाहीत अशी बाळासोंना भीती होती. गुरुजींनी फोटो बारकाईनं पाहिला आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "चष्मा मी त्यावेळी काढला होता. बाकी चेहरा आहे तसा आलाय." हे बघून बाळासोंचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पाच दिवस ह्या लोकांच्या भीतीनं आपण अन्न सोडलं, आणि ह्यांना स्वतःचं तोंडही ओळखता येत नाही? त्यांना हसावं का चिडावं कळेना, म्हणून ते चिडले.

एकेक ठराव होत गेला. सातवा आला. आण्णांनी माईकवर वाचला, "सचिव श्री. चौगुले यांना दोन वर्षं मुदतवाढ. मंजूर?"

"मंजूर, मंजूर, मंजूर!" मांडव दणाणला.

"कुणाचा विरोध?" आण्णांनी रीत म्हणून विचारलं.

एक हात वर झाला. खांबाजवळ उभ्या असलेल्या गुंडू सनदीचा. त्याच्या दुसऱ्या हातात स्मरणिका होती, त्या पानावर बोट घालून मिटलेली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेतले ते दोन संचालक ताठ बसले. गुंडू हात तसाच वर धरून चालत स्टेजपाशी आला आणि बाळासोंना खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, ह्यो मी हाय."

"हळू बोल, गुंडू."

"हळूच बोलालोय. फोटो माझा. खाली नावं एकशे एकोणचाळीस. मी दोनदा वाचली. माझं कुठाय?"

"अरे, तो प्रातिनिधिक हाय."

"म्हंजे?"

उत्तराची वाट न बघताच गुंडू पुढं बोलला, "सव्वीस वर्षं दूध घालतोय संस्थेला. एक म्हस हाय, दोन लिटर घालतोय, पण खाडा न्हाय. बायको वारली त्यादिवशीबी घातलंय. तुमीच मापलंतं. यादी करताना कुणालाबी आठवलो न्हाय. मी काय बोललो? पण आता माझं तोंड घेतासा आन् नाव न्हाय?"

"काय म्हणतोय त्यो?" संचालकांतला एक ओरडला. "माईकवर बोलू द्या त्याला! सभासद हाय त्यो!"

बाळासोंनी त्याचा खांदा धरला. "गुंडू, ऐक. आत्ता शाल आणतो, नारळ आणतो, आण्णांच्या हातनं सत्कार करतो. राजवीरबी हाय हितं, फोटो काढू."

"फोटो नगो. फोटो आलाय की," गुंडू म्हणाला. "नाव घाला."

बाळासोंनी माईक घेतला. "सभासद बंधूंनो, यादीत आमच्या चुकीनं एक नाव राहून गेलंय. एकशे चाळिसावं. श्री. गुंडू सनदी. सव्वीस वर्षं, एक खाडा न्हाय. आपापल्या स्मरणिकेत पेननं लिहून घ्यावं ही विनंती." टाळ्या झाल्या, सगळ्यांत जोरात बायकांच्या बाजूनं. गुंडूनं हात खाली घेतला. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि ते दोन संचालक चहाकडं वळले.

सभा सुटल्यावर लोक पांगले तरी सर्जेराव पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. गुंडू एकेक खुर्ची मिटवत त्यांच्यापर्यंत आला. सर्जेरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नाव आलं, बरं झालं गड्या. पण तुझा फोटो काय आला न्हाय बघ. वाईट वाटून घिऊ नगोस. आता फोटो येणं म्हंजे, त्याला माणसाचं जरा वजन लागतंय."

गुंडूनं बाळासोंकडं पाहिलं. बाळासोंनी खाली पाहिलं. आठवडाभर ते कम्प्युटरवर चिडले होते, मेहुण्यावर चिडले होते, फोटोग्राफरवर आणि साऱ्या फुकट दुनियेवर चिडले होते. ह्या वेळी जो राग आला तो त्यांना स्वतःचा आला, आणि तो कुणाला फोन करून काढताही येईना.

"व्हय की ओ," गुंडू म्हणाला. "उठा आता, सरपंच. खुर्ची न्यायची हाय."